रिकामा पाट

पितळी भांड्यांच्या कारखान्यातल्या मजुरांना ओव्हरटाइम मिळवून दिला, म्हणून भंडाऱ्याच्या श्यामराव वकिलांनी घरी जेवण ठेवलं. गळ्यातला हार मिरवतच ते पंगतीला बसले आणि पुरणपोळीबरोबर मजुरांचे हक्क चघळू लागले.

पहाटेपासून राबणाऱ्या मोलकरणीनं, शकुनबाईनं, भीत भीत विचारलं, "साहेब, मले बी जादा कामाचे पैसे भेटतीन का?"

वकील खो खो हसले. "अवं, तो कायदा कारखान्यातल्या लोकायले. तू तं आमच्या घरचीच!"

पाहुण्यांनी कौतुकानं माना डोलावल्या.

राखेचे हात धुऊन, पदराला पुसून शकुनबाई पंगतीतल्या रिकाम्या पाटावर येऊन बसली.

वकिलीणबाईंच्या हातातली वरणाची पळी थांबली. "अवं, ऊठ तिथून! तो पाट घरच्यायचा हाये!"