गोल फ्रेम
चित्रकलेच्या सरांनी नव्या दाराच्या चौकटीकडे पाहून नाक मुरडलं. “वाकडी. ज्याला चौकट सरळ बसवता येत नाही, त्या सुताराला मुलगी देणार नाही.” सुतारानं चौकटीलगत ओळंब्याची दोरी सोडून दाखवली. “तुझा ओळंबाही वाकडाच.” शेजारी उभी असलेली मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिनं सरांचा चष्मा करतानाच बजावलं होतं, “बाबा, तुमचं बुबुळ नीट गोल नाही. सिलिंडर नंबरची काच एकाच कोनात चालते. गोल फ्रेममध्ये ती फिरेल आणि सरळ रेघही वाकडी दिसेल.” “बापाच्या बुबुळाला नावं ठेवतेस?” म्हणत त्यांनी गोलच फ्रेम घेतली आणि रोज कढई घासावी तशी काच घासली. आता तिनं पुसायच्या निमित्तानं चष्मा घेतला, फिरलेली काच अंगठ्यानं जागेवर आणली आणि परत दिला. सरांना चौकट सरळ दिसली. “पाहिलंस? झापलं की लाकूडसुद्धा सुधारतं,” ते सुताराला म्हणाले. “मुलगी दिली. आता जावई सुधारायला घेतो.”