शेवटच्या कोपऱ्यातला घास

मृण्मयीताईंनी गोधडीचा कोपरा कात्रीनं उसवला आणि आतून वाळक्या भाकरीचा तुकडा जमिनीवर पडला. त्यात किडे वळवळत होते.

"सगळ्याच गोधड्यांत हे निघालं, म्हणून माल परत आला," त्या म्हणाल्या. "कुणी घातलं हे?"

सूतगिरणी बंद पडल्यावर तिथल्या बायकांना घेऊन ताईंनी ही गोधड्यांची कंपनी काढली होती. टाकाऊतून टिकाऊ मालाला परदेशात मागणी होती, आणि जुन्या साड्या इथं घरोघरी पडून होत्या. आता परत आलेले गठ्ठे छतापर्यंत रचले होते.

बायकांनी माना खाली घातल्या. शेवटी सगळ्यांत थोरल्या शेवंताबाई बोलल्या, "समद्यांनीच घातलं. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी घास घालावाच लागतो, ताई. गोधडी उपाशी ठेवली, तर पांघरणाराबी उपाशी ऱ्हातो. सासरी निघालेल्या लेकीला देतो, तशाच दिल्या बघा."

ताईंनी कात्री गठ्ठ्यावर ठेवून दिली.

"गिऱ्हाईक तुटलं, शेवंताबाई. उद्यापासून येऊ नका कुणी. कंपनी बंद."

कुणीच उठलं नाही. शेवंताबाईंच्या मांडीवरच्या गोधडीचा एकच कोपरा उघडा होता. सवयीनं त्यांचा हात भाकरीच्या डब्याकडे गेला, आणि तसाच मागं आला. त्यांनी कोपरा रिकामाच शिवला, दातानं दोरा तोडला आणि गोधडी ताईंपुढं धरली.

"एवढी तरी पाठवा, ताई. ही उपाशीच हाय."