चिमूटभर मीठ

सेल्समनने आमच्या नळाच्या पाण्यात दोन धातूच्या कांड्या बुडवून बटण दाबलं आणि मिनिटभरात पेल्यातलं पाणी तपकिरी झालं. शेजारच्या पेल्यातलं त्याच्या फिल्टरचं पाणी मात्र तशाच कांड्या बुडवूनही जसंच्या तसं राहिलं.

"काका, रोज हे पिता तुम्ही," तो म्हणाला. सूनबाईंनी "शी!" म्हणून तोंड फिरवलं. सहा वर्षांची नात ऊर्वी डोळे मोठे करून बघत राहिली.

नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात चौतीस वर्षं काढलीत मी. मला शिकवतोय! मी डब्यातलं चिमूटभर मीठ आणून त्याच्या फिल्टरच्या पाण्यात टाकलं. "बुडवा आता." तेही तपकिरी झालं. "हा तुमच्या लोखंडी कांडीचा गंज आहे. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि तो सुटतो. पाण्यातली घाण नव्हे."

सेल्समन कांड्या पुसायला लागला. माझा मुलगा निरंजन मात्र म्हणाला, "बाबा, पटलं मला. पण या मजल्यावर फक्त आपल्याकडेच फिल्टर नाही. आलेले पाहुणे पाण्याला हात लावत नाहीत." आणि त्याने सगळ्यांत महागडं मशीन निवडलं.

चार दिवसांनी ते भिंतीवर लागलं. मी सवयीने नळाखाली पेला धरला, तर ऊर्वीने माझा हात ओढला.

"आजोबा, ते घाण आहे! तुम्ही सगळ्या गावाला हेच पाजायचात?"

मी निरंजनकडे पाहिलं. मिठाची चिमूट त्याच्यासमोरच टाकली होती मी.

त्याने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. "अगं, आजोबांना तेव्हा माहीत नव्हतं."