डावखुरा

“ह्यो त्यो न्हवंच!” भर पिक्चरमध्ये बाबासो एवढ्या मोठ्यांदा म्हणाले, की पुढच्या रांगेतल्यांनी माना वळवल्या. “फसवत्यात आपल्याला. त्यो डावरा हुता!”

पडद्यावर टोपीवाल्या नायकाने उजव्या हाताने पिस्तूल उपसलं होतं आणि समोरचा गडी धुळीत लोळत होता. वैष्णवीने आजोबांचा हात दाबला. “आबा, हळू! रिमेक आहे हा. हिरो नवीन आहे.”

“नवीन असूदे. पण हात तरी त्योच ठिवायचा का न्हाई?”

खरं तर बाबासोंचा संशय तिकीट काढल्यापासूनच सुरू झाला होता. उभी हयात वाशीच्या मार्केटात कांद्याची पोती वाहण्यात गेली. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल दिसला की खाली सडका असणार, हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं. तोच नियम ते जावयापासून टूथपेस्टपर्यंत सगळ्यांना लावत. या पिक्चरमधले घोडे त्यांना धुऊन आणल्यासारखे वाटले. नायकाचे दात जरा जास्तच पांढरे होते. धूळसुद्धा कुठून तरी विकत आणलेली दिसत होती. जुना इंग्रजी पिक्चर त्यांनी तरुणपणी एकदाच पाहिला होता, जत्रेत, मैदानात ताणलेल्या कापडावर. पण त्याची गोष्ट जुईनगरच्या त्यांच्या सोसायटीत वॉचमनलाही पाठ होती. त्याची सर कशालाच येणार नाही, हा निकाल घरून निघतानाच तयार होता.

वैष्णवीला पिक्चरशी काही देणंघेणं नव्हतं. ऐरोलीच्या ऑफिसात सुट्टी टाकून तिने आजी-आजोबांना मॉलमध्ये आणलं होतं ते वेगळ्याच कारणासाठी. रविवारी तिला बघायला पाहुणे आले होते. त्यांच्यातल्या कुणीतरी सहज विचारलं, “आबा, तुमच्या वेळी कसं होतं?” बाबासो ऐटीत म्हणाले, “बघणं-बिघणं कसलं! आमच्या वडलांनी, तात्यांनी, शब्द दिला. मी मुंडावळ्या बांधून हुबा ऱ्हायलो. पोरगी कोण, कशी, कुणाला ठावं?”

सगळे हसले. पोह्यांच्या बशा घेऊन आलेल्या प्रेमलाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. आपण या माणसाच्या गळ्यात बांधल्या गेलो, ही शंका त्यांना लग्नापासून खात आली होती. ती आता नवऱ्याच्याच तोंडून, चारचौघांत खरी ठरली. फार लागलं त्यांना ते. तेव्हापासून त्यांनी नवऱ्याशी बोलणं टाकलं होतं. चहा पुढ्यात यायचा, शब्द यायचा नाही. आणि उद्या सकाळच्या गाडीने त्या साताऱ्याकडे भावाच्या घरी निघाल्या होत्या. परत कधी येणार, हे विचारायची बाबासोंची हिंमत झाली नव्हती. दोघांना अंधारात शेजारी बसवलं तर काही तरी बोलतील, असा वैष्णवीचा बेत होता. बोलत होते ते फक्त बाबासो, आणि तेही पडद्याशी.

इंटरव्हलला दिवे लागले तरी ते धुमसतच होते. “कंबरंला डाव्या अंगाला पिस्तूल. आन् डाव्या हातानं असं...” त्यांनी हात उपसून दाखवला आणि वैष्णवीचं पॉपकॉर्न सांडलं.

“खरं हाय त्यांचं,” प्रेमलाबाई म्हणाल्या. रविवारनंतर पहिल्यांदाच त्या नवऱ्याच्या बाजूने बोलल्या, मात्र बोलल्या नातीकडे बघून. “डावराच हुता. मीबी बघितलाय की. आमच्याच गावची जत्रा हुती ती. लग्नाच्या आदल्या वर्साची.”

ही दोघं एका सुरात बोलतायत म्हटल्यावर वैष्णवीलाही शंका आली. तिने मोबाइलवर जुना पिक्चर शोधला. तोच उजाड माळ, तोच प्रसंग. नायक पाय फाकवून उभा राहिला. त्याने पिस्तूल उपसलं ते उजव्या हाताने.

“बघा आबा. जुनापण उजवाच.”

“मोबाइलवाल्यांनी बदललं आसंल.” बाबासो हार मानणाऱ्यातले नव्हते. “आजकाल कायबी करत्यात.”

“टेन्शन नका घेऊ. पण मग तुम्हा दोघांना सेम चूक कशी आठवते?”

प्रेमलाबाई फोनकडे बघत राहिल्या. मग त्यांना एकदम हसू फुटलं. “आगं, आमी बायकांनी मागनं बघितला न्हवं का! मधी कापड. फुडच्या अंगाला गडीमाणसं, मागच्या अंगाला आमी बायका. मागनं समदं उलटं दिसतं. इंग्रजी अक्षरंबी उलटी आली आसतील, पण ती वाचायची कुणाला?”

बोलता बोलता त्या थांबल्या. हसू ओठांवरच राहिलं. त्या जत्रेला महिनाही झाला नव्हता, तेव्हा तात्या त्यांच्या दारात मागणी घेऊन आले होते.

त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. बाबासो मांडीवर सांडलेलं पॉपकॉर्न एकेक करून वेचत होते. त्यांनी मान काही वर केली नाही.

“आवो,” प्रेमलाबाई हळूच म्हणाल्या, “मग तुमी तिकडं बायकांत काय करत हुता?”

दिवे मंद झाले. बाबासोंनी घाईघाईने पडद्याकडे तोंड केलं.

“मधनं-अधनं पिक्चरबी बघत हुतो,” ते म्हणाले.