तापस बगळा

तीस वर्षं हिल्डाची नवऱ्याबद्दल एकच तक्रार होती. "नॉर्मन, मासे धर, पण ते बूट आपटणं थांबव रे! माझे सगळे पक्षी हुसकावून लावतोस." नॉर्मन म्हणायचा, "थंडी मला वाजते, तुझ्या पक्ष्यांना नाही."

आज इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या तळ्याला काठाकाठाने बर्फाची साय धरली होती. पलीकडच्या काठावरून हिल्डाने दुर्बीण लावली. माणसाची चाहूल लागताच बोरूच्या बेटात नाहीसा होणारा तापस बगळा चक्क नॉर्मनच्या बुटाशी उभा होता. आणि नॉर्मन खुर्चीत पुतळ्यासारखा! "चला, म्हातारपणी का होईना, शहाणपण सुचलं," ती पुटपुटली. "हलू नकोस हं आता. अजिबात हलू नकोस."

तेवढ्यात त्याच्या गळाचा लाल बोया पाण्याखाली गेला. पाइक मासा लागला होता. माशाने गळ गिळायच्या आत झटका द्यायचा आणि त्याला जिवंत परत सोडायचं, हा नॉर्मनचा धर्म. त्यात एका श्वासाचाही उशीर त्याने कधी केला नव्हता.

गळाची काठी सरकत सरकत पाण्यात गेली. बगळा दचकून उडाला.

"नॉर्मन!" हिल्डा तळ्यापलीकडून किंचाळली. "हल की रे!"