कंदिलाचं कलम

"दादा, तू बस. हे एवढं आटपलं की निघूच घरी," असं म्हणून बहिणीने मागच्या बाकावरची वह्यांची चवड उचलून त्याला जागा करून दिली.

शाळेची मुलं केव्हाच गेली होती. कोपऱ्यातल्या या एका खोलीत तेवढा दिवा होता. भिंतीला लागून संगणक, आणि त्यांच्यापुढे मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली मोठी माणसं. बहीण दिवसा मुलांना शिकवायची, संध्याकाळी यांना.

"बाई, हा बाण माझं ऐकतच नाही," दाराजवळचा टेम्पोवाला म्हणाला. "अगदी घरच्यासारखं वाटतंय."

सगळे हसले. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशी मात्र हसल्या नाहीत. ओठ हलवत, एका बोटाने त्या टाइप करत होत्या. शाळेची अर्धी राहिलेली परीक्षा त्यांना आता संगणकावर द्यायची होती. पास झाल्या तर हातातला झाडू सुटून वॉर्डात रुग्णांजवळचं काम मिळणार होतं. घरी संगणक नव्हता. आसपास दुसरीकडे कुठे नव्हताच.

"घ्या मावशी, हात साफ करून घ्या," टेम्पोवाला म्हणाला. "सोमवारपासून कुलूप."

"कुलूप कशाला?" दादाने विचारलं.

"दारावरचा कागद नाही वाचलास?" बहीण म्हणाली. "एक जुना कायदा होता रे. प्रत्येक शाळेने संध्याकाळी एक खोली उघडी ठेवायची, तिथे कंदील लावायचा आणि शिकायला येईल त्या मोठ्या माणसाला आत घ्यायचं. कंदील गेले, पण त्या कलमाच्या जिवावर खोली उघडी राहिली. हे संगणकसुद्धा त्या कलमावर बोट ठेवून मागून आणले आम्ही. आता सरकारने ते रद्द केलं. मुख्याध्यापक म्हणतात, माझ्यावर बंधन नाही, मग विजेचा नि चोरीचा घोर मी का घेऊ? त्यांचंही काय चुकलं म्हणा."

कंदिलाचं कलम दादाला तोंडपाठ होतं. कालबाह्य कायदे काढून टाकायच्या बैठकीत ते त्यानेच मोठ्याने वाचलं होतं. "कंदील आणायचा कुठून, संग्रहालयातून?" असं तो म्हणाला आणि सगळी बैठक हसली. मंत्रीसुद्धा. पुढ्यातला चहा निवायच्या आत कलम गेलं. एखाद्या शाळेत अजून अशी खोली उघडी असेल का, हे कुणी विचारलं नाही. त्यानेही नाही.

"कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हो हे?" टेम्पोवाला म्हणाला. "आम्ही दोन अक्षरं शिकलो तर त्याच्या का पोटात दुखतं? असल्या माणसाचं ना..."

"शिव्याशाप नकोत," बहीण हळूच म्हणाली. "दिवेलागणीची वेळ आहे. त्याला ठाऊक नसेल बिचाऱ्याला."

"ठाऊक नाही तर विचारावं," मावशी पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "विचारायला काय जीभ झिजते?"

दादाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. पण तेवढ्यात बहीण सगळ्यांकडे वळून कौतुकाने म्हणाली, "अहो, माझा हा भाऊ कायदा खात्यातच आहे. आपण अर्ज करू. तो सांगेल, मावशी टाइप करतील. तेवढाच त्यांचा सराव."

मावशींनी हात कपड्यांना पुसले. टेम्पोवाला खुर्ची ओढत जवळ आला. बाकीचेही उठून मावशींच्या मागे उभे राहिले. सगळ्यांच्या नजरा दादावर होत्या, आणि त्या नजरांत नुसता विश्वास होता.

"सांगा साहेब," मावशी म्हणाल्या. "पण दमानं. मला अक्षर सापडेपर्यंत पुढे पळू नका."

"आधी कुणाला लिहायचं ते सांग, दादा," बहीण म्हणाली.

मंत्र्यांना लिहा, असं म्हणता आलं असतं. सचिवांना म्हणता आलं असतं.

"अवर सचिव," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "कायदे छाननी शाखा."

बहिणीचा हात मावशींच्या खुर्चीच्या पाठीवर होता. तो तिथेच राहिला. भावाला हे पद मिळालं तेव्हा तिने शाळाभर साखर वाटली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

मावशींना 'छाननी'तला 'छ' सापडेना. शेवटी त्यालाच वाकून दाखवावा लागला. मग 'न'. मग पुन्हा 'न'. त्याच्या बोटाशेजारी मावशींचं बोट होतं, फिनेलने पांढरं पडलेलं.

"या साहेबांचं नावही घालायचं ना?" मावशींनी विचारलं.

दादाने तोंड उघडलं.

"नको," बहीण म्हणाली. "पद पुरे."

मावशी पुढच्या ओळीवर गेल्या. बहीण नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाली, "फक्त अक्षर मोठं ठेवा, मावशी. लहान अक्षर त्यांना दिसत नाही."