मोठी अर्धी

मध्यप्रदेश राज्य नुकतंच झालं होतं. भैरवगढच्या तुरुंगावर पाटी अजून जुन्या मध्यभारत राज्याचीच होती. भाऊबीज म्हणून अहल्या श्रीधरदादाला ओवाळायला आली होती. पुढच्या भाऊबीजेला दादा नसणार होता.

शिपायानं फडकं सोडून करंज्या बघितल्या. "पहले आप चखो, बाई. कायदा है." तिनं एक करंजी त्याच्यासमोर खाल्ली.

रामघाटावरच्या यात्रेकरूंना पेढ्यातून धोतरा देऊन लुटलं, मारलं, म्हणून श्रीधरला फाशीची शिक्षा झाली होती. सगळं उज्जैन त्याच्या नावानं थुंकत होतं. नवऱ्यानंही जाऊ नकोस म्हणून बजावलं होतं. अहल्या एकटी म्हणत राहिली, माझा दादा असं करणारच नाही. पाठच्या बहिणीनं नाही ओळखायचं तर कुणी?

गजांतूनच तिनं त्याला कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं, करंज्यांचं फडकं आत दिलं. त्यानं मुलांची चौकशी केली. मग कार्तिक मेळ्याचा विषय निघाला. मेळ्यात दोघांत मिळून खव्याची एकच मावाबाटी मिळायची. दादा ती मोडायचा आणि म्हणायचा, मोठी अर्धी तुझी. अर्ध्यात मोठं कसं रे असतं, म्हणून आई हसायची. आताही दोघं हसली. किती वर्षांनी दादा असा हसला, अहल्येला भरून आलं.

बोलता बोलता श्रीधरनं करंजी मोडली. लहान तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि मोठा गजांतून तिच्यापुढे धरला.

"घे अल्ये. मोठी अर्धी तुझी."

यात्रेकरूंतला एक म्हातारा वाचला होता. तो कोर्टात म्हणाला होता, पेढा यानं माझ्यादेखत मोडला, लहान तुकडा आधी स्वतः खाल्ला, मोठा मला दिला. अहल्या तेव्हा कोर्टातच बसली होती. म्हातारा धडधडीत खोटं बोलतोय, असं तिनं घरी येऊन सगळ्यांना सांगितलं होतं.

करंज्या तिच्याच हातच्या, सकाळी तळलेल्या. एक तर आत्ताच खाल्लेली. तरी तिचं तोंड उघडेना.

"आज उपास आहे माझा, दादा."

"भाऊबीजेला?"

ती निरांजन आवरायला लागली. श्रीधरनं हात मागे घेतला. तुकडा उरलेल्या करंज्यांत ठेवला, फडक्याची गाठ घट्ट मारली आणि फडकं गजांतून तिला परत दिलं.

"मग मुलांनाही देऊ नकोस," तो म्हणाला.